रिकाम्या ओट्या

बुलढाण्यात एका जुन्या बंगल्यात लहानसं चित्रसंग्रहालय आहे. चार खोल्या, समोर व्हरांडा, कौलांत कबुतरं. सोनाळ्याहून इथं चित्रकला शिकायला आले तेव्हा वसतिगृहातल्या कलकलाटातून सुटायला मी दर रविवारी तिथं जाऊन बसायचे. आता याच गावात चित्रकलेची शिक्षिका आहे आणि दरवर्षी वर्गाला तिथं नेते. पोरं एकमेकांचं बघून चित्र काढतात तेव्हा मी त्यांना अशी फैलावर घेते की शेजारच्या वर्गातले सर डोकावून जातात. नक्कल मला खपत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून तुम्हाला मला हसायला सोपं जाईल.

इतकी लाडकी जागा, पण आईला मी गेली दहा वर्षं तिथं नेलं नव्हतं. ती सोनाळ्याहून आली की बाजार दाखवायचे, देवळं दाखवायचे. बंगल्याचं नाव निघालं की म्हणायचे, आज बंद असतो. हा कसला बंगला, जो आपण आलो की बंदच असतो, असं तिनं एकदाही विचारलं नाही.

त्याआधी एकदाच ती तिथं येऊन गेली होती. मी दुसऱ्या वर्षाला होते. आमचे सर आम्हाला बंगल्यातली चित्रं समजावून सांगणार होते आणि नेमकी त्याच सकाळी आई डबा घेऊन एसटीनं आली. तिला कुठं सोडणार? नेलं सोबत. तिनं दारातच चपला काढल्या. मी हळूच म्हटलं, घाल, इथं चालतं. तिनं घातल्या नाहीत, हातात धरल्या. वर्गातल्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि मी आईच्या चार पावलं पुढं चालायला लागले.

तिसऱ्या खोलीत एक मोठं तैलचित्र आहे. कापसाच्या वावरात बसलेल्या पाच बाया, मधे पितळी भांडं, त्यात काहीतरी पांढरं, एकीचा हात वर उचललेला. खाली पाटी होती, 'दुपारचं जेवण'. सर त्या बायांच्या कष्टाबद्दल, विसाव्याबद्दल छान बोलत होते आणि आम्ही वहीत उतरवून घेत होतो. तेवढ्यात मागून आई म्हणाली, "जेवन नोहे वं हे. सीतादही होय."

मी वळून डोळे वटारले. पण ती चित्रात गुंतली होती. "पाह्य ना. बायाईच्या ओट्या रिकाम्या हायेत. दुपार झाली असती तं कापसानं भरल्या नसत्या काय? अजून येचनीले हातच नाही लावला त्याईनं. अन् जेवन म्हनतं, तं भाकर कुठी हाय?"

आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी बाया वावरात एका झाडाखाली लहान दगड मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि दहीभात झाडांवर शिंपडतात. त्याला सीतादही म्हणतात. ते झालं की कमरेच्या ओटीत कापूस वेचायला लागायचं. लहानपणी त्या दहीभाताच्या आशेनं मी कितीतरी वेळा आईच्या मागं वावरात गेले होते. चित्रातल्या बायांच्या पायाशी ते दगडही होते, अगदी ठसठशीत. ते चित्र मी दर रविवारी पाहत होते, आणि पाटीवर जेवण लिहिलंय म्हणून जेवणच पाहत होते.

सरांनी थांबून विचारलं, "काय म्हणताहेत आई?"

सर चांगले होते. त्यांनी ऐकून घेतलं असतं. पण तिचं ते 'नोहे' आणि 'पाह्य' सगळ्यांनी ऐकलं होतं, तिच्या हातात चपला होत्या, आणि धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं. मी म्हटलं, "काही नाही सर. जेवणाचं चित्र पाहून तिला भूक लागलीये."

सगळे हसले. सरही हसले आणि म्हणाले, अगं मग घेऊन जा त्यांना, काहीतरी खाऊ घाल. मी आईला दंडाला धरून बाहेर आणलं आणि समोरच्या टपरीवर कचोरी घेऊन दिली. डबा मांडीवर ठेवून तिनं ती गुपचूप खाल्ली.

पुढं मला नोकरी लागली. एका दिवाळी अंकानं त्या संग्रहालयावर लेख मागितला. लिहायला बसले तर माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते माझं नव्हतं. रिकाम्या ओट्या, नसलेली भाकरी, पायाशी मांडलेले दगड. मी सगळं लिहिलं. 'अनेक वर्षांच्या बारीक निरीक्षणातून हे माझ्या लक्षात आलं' असंही लिहिलं. लिहिताना हात जरासुद्धा कापला नाही, याची मला आज जास्त लाज वाटते. लेखाचं कौतुक झालं. संग्रहालयानं पाटी बदलली. वर 'सीतादही', आणि खाली बारीक अक्षरात, चित्राचा विषय ओळखणारी म्हणून माझं पूर्ण नाव. माझे विद्यार्थी ती ओळ वाचून माझ्याकडे आदरानं बघतात आणि मी खिडकीबाहेर बघते.

यंदा आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बुलढाण्यातच झालं. नवा चष्मा आला आणि तिला वाचायचा नादच लागला. चौथी शिकलेली बाई, पण दुकानांच्या पाट्या, एसटीचे फलक, औषधाच्या बाटल्या, जे दिसेल ते मोठ्यानं वाचायची. एका सकाळी म्हणाली, "तो चित्राईचा बंगला उघडा असन काय आज?" ती चष्म्यातून माझ्याकडे अशी बघत होती की 'बंद' हा शब्द माझ्या तोंडातून निघेना.

दारात तिनं पुन्हा चपला काढून हातात घेतल्या. या वेळी मीही काढल्या. उशिरा सुचलेलं शहाणपण, दुसरं काय. पहिल्या दोन खोल्यांत मी जमेल तेवढा वेळ काढला. तिसऱ्या खोलीत ती सरळ त्या चित्रापाशी गेली आणि पाटीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागली. सी, ता, द, ही. मग खालची बारीक ओळ. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव.

तिचा चेहरा असा उजळला की मला तिथं उभं राहवेना. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या रखवालदाराला तिनं हाक मारली, "ओ दादा, हे माह्या पोरीचं नाव हाय!" मग माझ्याकडे वळली आणि ओशाळून म्हणाली, "तुले तं आंदीच मालूम होतं बाई. अन् मी येडी, मास्तरासमोर तुलेच शिकवत होती."

तिच्याकडून चोरलेली वस्तू मी तिलाच दाखवत होते, आणि वर लाजत होती ती.

मी तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. मला काही माहीत नव्हतं, तूच सांगितलं होतंस, मी ते माझं म्हणून लिहिलं आणि तुझं नाव कुठंच घातलं नाही. आजच अर्ज देते, पाटी बदलून घेते. बोलता बोलता मला रडू आलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पदरानं माझं तोंड पुसलं.

"नावाचं काय करतं वं," ती म्हणाली. "तुहं काय अन् माहं काय, एकच हाय."

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. इतकी मी निर्लज्ज. ती वाकली, चपला खाली ठेवल्या, एक पाय सरकवला, आणि दुसरा सरकवताना, वर न बघता, अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "पन मले एक सांग. तवा मले भूक लागली म्हून काऊन सांगतलं मास्तरले? मले भूक नव्हती वं. तो डबा तं मी तुह्यासाठी आनला होता."