एका स्वरासाठी सेंट्रल व्हॅली

लोक कॅलिफोर्नियाला गोल्डन गेट बघायला जातात. आम्ही मायलेकी गेलो ते मेंढीला काय म्हणतात हे ऐकायला. हसा खुशाल! इथे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आमच्या एडिसनमध्ये सगळ्यांचं हसून झालंय.

माझी लेक सई जुन्या जर्मॅनिक भाषांमध्ये स्वर कसे बदलत गेले यावर पीएचडी करते. "त्याचं पुढे काय?" हे मला ओक ट्री रोडवर भाजी घेतानाही विचारतात. मी म्हणते, पुढचं ती बघेल, तुम्ही आधी विषय तर ऐका. मेंढीला जर्मन माणूस 'शाफ' म्हणतो, इंग्रज 'शीप' म्हणतो, आणि नेदरलँड्सच्या उत्तरेकडचे फ्रिजियन लोक 'स्कीअप' म्हणतात. फार पूर्वी तिघांचा स्वर एकच होता. जर्मनमध्ये तो 'आ'कडे गेला, इंग्रजी आणि फ्रिजियनमध्ये 'ए'कडे सरकला. मग इंग्रजीत त्याचा सरळ 'ई' झाला आणि फ्रिजियनमध्ये त्याला 'अ'चं शेपूट फुटलं.

अमेरिकेत आयुष्य घालवलेल्या फ्रिजियन माणसाच्या तोंडी ते शेपूट टिकलंय की इंग्रजीनं छाटलंय, हे सईला तपासायचं होतं. बोलणारे मोजकेच उरलेत. एका आजोबांनी ऐनवेळी नकार दिला, आता भिस्त होती एका आजींवर. त्यांचं रेकॉर्डिंग चांगलं झालं नाही तर प्रबंधातलं हे प्रकरणच गाळावं लागेल, असं तिच्या गाइडनं स्पष्ट सांगितलं होतं. सई अजून पंचविशीच्या आत, त्यामुळे भाड्याची गाडी तिच्या नावावर महाग पडते. म्हणून ड्रायव्हर मी. रजा टाकली आणि निघाले.

नेवार्कहून विमानानं सॅन फ्रान्सिस्को, तिथून गाडी. सॅन मटेओचा पूल ओलांडला (जाताना टोल नाही, येताना आहे, लक्षात ठेवा), मग पाचशेऐंशी हायवे. आल्टामाँटच्या पिवळ्या टेकड्यांवर पवनचक्क्याच पवनचक्क्या. पलीकडे सेंट्रल व्हॅलीत उतरलं की हवा एकदम तापते. दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा आणि मधूनच गोठ्यांचा असा सणसणीत वास की काच वर केलीच पाहिजे. आजींचं गाव मोडेस्टोजवळ आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. मोटेल मोडेस्टोत घ्या, स्वस्त पडतं. जेवायला टाको ट्रक शोधा. तिथली हिरवी चटणी आपल्या जिभेला झकास लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींकडे पोचलो. नाव श्यौक्ये, वय नव्वदीच्या घरात, कणा ताठ. लग्न होऊन इथे आल्या, नवऱ्याबरोबर दूधधंदा उभा केला. मी लगेच "आजी" म्हणायला लागले. सई पुटपुटली, "आई, प्लीज! शी इज नॉट युअर आजी." कॉफी आली. बिस्किटांचा डबा पुढे आला, आम्ही एकेक बिस्कीट घेतलं आणि आजींनी टप्पकन झाकण लावून टाकलं! आग्रह नाही, काही नाही. मी बघतच राहिले.

परवानगी घेऊन सईनं रेकॉर्डर लावला आणि चित्रं दाखवायला सुरुवात केली. पण आजी उत्तर द्यायच्या इंग्रजीत. फ्रिजियनमध्ये सांगा म्हटलं की आधी "शीप" म्हणायच्या, मग संकोचून "स्कीप". शेपूट गायब! इंग्रजीच्या पाठोपाठ म्हटलेला शब्द इंग्रजीसारखाच वाकायचा. दुपारपर्यंत हेच चाललं. शेवटी आजी म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर त्यांना न कळणारी भाषा बोलू नये, असं माझ्या आईनं शिकवलंय. तुमच्यासमोर जीभच वळत नाही."

मोटेलवर सई उशीत तोंड खुपसून पडली. "यातलं काहीच यूज नाही करू शकत, आई. चॅप्टर गेला." माझा जीव तुटला. दोन वर्षं राबली होती पोर.

तिसऱ्या दिवशी आजी आम्हाला परसात घेऊन गेल्या. बदामाच्या झाडांखाली त्यांच्या मुलाच्या मेंढ्या चरत होत्या. मी भान विसरून ओरडले, "अगं बाई, केवढ्या मेंढ्या!" आणि जीभ चावली. यजमानासमोर आपल्या भाषेत बोलले म्हणून माफी मागितली.

आजींचे डोळे चमकले. "नाही, नाही, बोला. तुम्ही तुमची बोललात तर मलाही माझी बोलता येईल. मग कुणीच उद्धट नाही."

सईनं माझ्याकडे पाहिलं. गडबडीनं रेकॉर्डर काढला आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, थांबू नकोस. इंग्रजी अजिबात नको. फक्त दाखव आणि बोल."

मी बोट दाखवलं. "मेंढी."

"स्कीअप," आजी म्हणाल्या.

"दगड."

"स्तीअन."

दोन्ही शब्द शेपटासकट! मी डोळे मिटून मान कलती करत म्हटलं, "झोपणं." आजी खळखळून हसल्या आणि "स्लीअप" म्हणता म्हणता लहानपणीच्या घराबद्दल बोलत सुटल्या. पूर्ण फ्रिजियनमध्ये! मला ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी मराठीत "हो ना", "मग काय झालं?" करत होते. सई रेकॉर्डर धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आत गेल्यावर आजींनी डबा उघडला, पुढे केला आणि झाकण न लावताच टेबलावर ठेवला.

परतीच्या वाटेवर चेरी घेतल्या, स्टॉलवरच्या गोड निघतात. पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये तास गेला. सईनं गाइडला मेसेज केला, उत्तर आलं: प्रकरण गाळू नकोस, आणि प्रश्न मराठीतून विचारले हेही नीट लिही.

घरी आल्यावर सामान लागलं, रजा संपली. तुम्हाला जायचं असेल तर चेरीच्या दिवसांत जा, बदामाच्या बागा आणि टाको यांसाठीही ती व्हॅली छान आहे. मला मात्र अभिमान वाटतो तो माझ्या पोरीचा. जग ज्या स्वराला विसरून गेलंय, त्याच्यामागे ती जिवाचं रान करून धावली आणि तो गाठला. काल तिनं मला ती फाइल पाठवली. आज ऑफिसला जाताना लावली. आधी माझा आवाज, "मेंढी." मग आजींचा, "स्कीअप." आणि त्यावर माझ्या लेकीचा दबका हुंदका, जो तिनं कापून टाकलेला नाही. गाडीत मी एकटीच होते, तरी काचा खाली केल्या आणि आवाज वाढवला.