अनुराधपुरातली पौर्णिमा

आईला एकदा तरी अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघायचा होता. नेकनूरला आमच्या घरी सकाळची वंदना झाली की चहा पिताना ती हे बोलून दाखवायचीच. मी बीडच्या शाळेत शिकवते. नोकरी कायम झाली त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आई-अण्णांना घेऊन श्रीलंकेला निघाले. अण्णा एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. विमानात त्यांची एकच तक्रार होती, चालवणारा दिसत नाही.

कोलंबोहून अनुराधपूरच्या बसमध्ये मात्र ते ड्रायव्हरच्या बरोबर मागं बसले आणि रस्ताभर उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबत राहिले. "लई तापट हात हाय याचा," म्हणत उतरायच्या घाईत ते पुढच्या दारानं उतरले, आम्ही मागच्या. बस धुरळा उडवत निघून गेली आणि कळलं, कपड्यांची मोठी बॅग तिच्यातच राहिली. आमच्याजवळ उरली धपाट्यांची आणि शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी.

"भिऊ नको. कंडक्टर स्टँडात जमा करील," अण्णा म्हणाले. "आमी करायचो न्हवं?"

मी फोनवरून खोली ठरवली होती. तिथं पोचलो तर मालक दारातच हात जोडून उभा. आज पोया, म्हणजे पौर्णिमा. यात्रेकरू अचानक वाढले आणि आमची खोली त्यांना देऊन टाकली, एवढं त्याच्या इंग्रजीतून समजलं. मी भांडले, पण आत पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीनं बसलेली दिसत होती. त्यांना उठवून कुठं पाठवायचं?

"पौर्णिमेला पोचायचं असं मीच म्हणले होते," आई हळूच म्हणाली. त्या दिवशी आईसारखाच अख्खा देश तिथं येत असेल, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आणखी दोन-चार ठिकाणी विचारलं. सगळीकडं तेच.

शेवटी एका झाडाखालच्या बाकावर बसलो. आईनं पौर्णिमेचं अष्टशील धरलेलं, दुपारनंतर ती काही खाणार नव्हती. अण्णांनी धपाटं काढलं आणि तिच्याकडं पाठ करून खायला लागले. तेवढ्यात कमळाच्या कळ्या घेऊन एक म्हातारी बाकाच्या टोकाला येऊन बसली. तिची साडी पांढरी, आईचीही पांढरी. तिनं आईला काहीतरी विचारलं. आईला एक अक्षर कळलं नाही, म्हणून तिनं हात जोडून सरळ सुरुवात केली, "नमो तस्स भगवतो..."

म्हातारीनं कळ्या मांडीवर ठेवल्या आणि सूर धरला. शब्द तेच, चाल वेगळी. आई पुढं पळायची, म्हातारी शब्द लांबवायची. मग दोघी एकमेकींसाठी थांबायला लागल्या. पंचशील संपेपर्यंत अण्णा धपाटं हातात धरून उभे होते.

म्हातारीनं आमच्या पिशवीकडं बोट करून, गालाला हात लावून झोपायची खूण केली. कुठं उतरलात?

"न्हाई," आई म्हणाली.

"नॅहॅ?"

"न्हाई न्हाई."

"अगं, ही तर आपलंच बोलते!" अण्णा ओरडले.

म्हातारीनं आईचा हात धरला तो घरी पोचल्यावरच सोडला. भातशेताच्या कडेला कौलारू घर, दारात विहीर. तिच्या सुनेला थोडं इंग्रजी येत होतं. अण्णांची पँट घामानं भिजलेली बघून तिनं नवऱ्याची लुंगी आणून दिली. अण्णांनी जन्मात लुंगी नेसली नव्हती. ती एका हातानं गच्च धरून ते जेवायला बसले. सुनेनं पान वाढत "बत्" म्हटलं आणि अण्णांनी लगेच "भात, भात" म्हणत मान हलवली. खोबऱ्याच्या लालभडक चटणीवर त्यांनी आपली शेंगदाण्याची चटणी घेतली आणि सुनेलाही वाढली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं परत मागितली. म्हातारीचंही अष्टशील होतं. उपाशी दोघी ओसरीवर चटई टाकून कळ्यांच्या पाकळ्या उलगडत बसल्या होत्या.

सकाळी म्हातारीबरोबरच आम्ही बोधिवृक्षाला गेलो. गर्दीत आईला पुढं ढकलून तिनं वाट करून दिली. आई कठड्याला टेकून खूप वेळ वर बघत होती. मी फोटोसाठी हाक मारली, तिनं ऐकलंच नाही.

परतताना स्टँडात चौकशी केली. बॅग आली होती. अण्णा माझ्याकडं बघून मिशीतल्या मिशीत हसले.

म्हातारीच्या घरी परतल्यावर खोलीच्या मालकाचा फोन आला, आता जागा झाली आहे म्हणून. मी आईकडं बघितलं. ती म्हातारीशेजारी बसून नारळ खवायला शिकत होती. मी त्याला नको म्हणून सांगितलं, आणि निघेपर्यंत आम्ही तिथंच राहिलो.

आता पौर्णिमेला सून व्हिडिओ कॉल लावून देते. म्हातारी तिच्या भाषेत बोलते, आई नेकनूरच्या. मध्येच दोघी खळखळून हसतात. "काय म्हणाली गं?" मी विचारते.

"मला काय ठाऊक," आई म्हणते, "पर बरी हाय ती."