दहा कार्डांचं पाकीट

टिकलीमावशींनी बावीस वर्षं बाळं नाही, बाळांच्या रक्ताचे ठिपके पाहिले. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी टाचेतून घेतलेलं रक्त जाड कार्डावर वाळून आमच्या प्रयोगशाळेत यायचं. मावशी भोकं पाडायच्या पंचाने त्यातून गोल टिकल्या पाडायच्या, मी त्या तपासणीच्या मशीनला लावायची. टिकलीमावशी हे नाव मीच त्यांना ठेवलं. त्याही मला ‘शहाणे’ याखेरीज हाक मारत नसत, म्हणजे फिट्टंफाट.

आम्ही शोधायचो त्यातला एक आजार मावशी नव्या मुलींना असा समजावायच्या : "कोलेस्टेरॉलला सगळे शिव्या घालतात. पण शरीर आपले निरोपे त्याच्यापासूनच घडवतं. एक निरोप्या पेशीत शिरून सांगतो, मीठ धरून ठेव. दुसरा सांगतो, संकट आलंय, साखर सोड. काही बाळांत हे घडवणारा एक कारागीर जन्मतःच गैरहजर असतो. अर्धवट माल साचतो आणि निरोप काही जात नाही. मग बाळ लघवीवाटे मीठ गमावत राहतं आणि दुसऱ्या आठवड्यात..." पुढचं वाक्य त्या कधीच पुरं करत नसत. तो साचलेला माल आम्ही मोजायचो.

त्या दुपारी एका टिकलीचा आकडा नेहमीच्या वीसपट आला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आकडा उगाच फुगतो, म्हणून मावशींनी आधी वजन पाहिलं. तीन किलो. मग रक्त घेतल्याची तारीख पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"शहाणे, हे कार्ड नऊ दिवस कुठे होतं?"

पाकीट एका छोट्या प्रसूतिगृहातून आलं होतं. आत बरोबर दहा कार्डं. मी काही बोलायच्या आत मावशींनी कार्डावरचा नंबर फिरवला. तिसऱ्या खेपेला बाळाच्या वडिलांनी उचलला.

"बाळ कसं आहे?"

"एकदम गुणी हो. रडणं नाही की काही नाही. कालपासून झोपलेलंच आहे."

"दूध पितंय?"

"ओकतं जरा. सासूबाई म्हणतात, सगळीच ओकतात."

"त्याला उठवा बघू. आत्ता. मी थांबते."

आम्ही दोघी कान लावून बसलो. पलीकडे नुसता टाळ्या वाजवल्याचा, नाव घेऊन हाका मारल्याचा आवाज.

"अहो, हा डोळेच उघडत नाहीये."

"कपडेबिपडे घेत बसू नका. तडक मोठ्या रुग्णालयात जा. मी तिथे कळवते."

मावशींनी लगेच रुग्णालयात फोन लावला; ओकतंय म्हटल्यावर तिथल्या डॉक्टरांना पोट बिघडल्याची शंका आली. मावशींनी त्यांना बोलूच दिलं नाही. "सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दारात तयार ठेवा. रक्त घ्या, पण रिपोर्टसाठी थांबू नका." एरवी साहेबांसमोर चहा मागायला लाजणारी ही बाई. मी बघतच राहिले.

मग दीड तास फोन वाजला नाही. मला राग अनावर झाला होता. "नऊ दिवस! प्रसूतिगृहातल्या त्या नर्सबाईंना काही अक्कल?"

मावशी उठल्या, कपाटातून एक फाइल काढली आणि माझ्यापुढे उघडून ठेवली. सहा वर्षांपूर्वीचं सूचनापत्र. सुटी पाकिटं वाटेत गहाळ होतात, तरी दहा कार्डं जमल्यावरच पाठवावीत. अक्षर मावशींचं होतं.

"त्यांनी माझं ऐकलं, एवढाच त्यांचा गुन्हा," त्या म्हणाल्या.

फोन आला. रक्तातलं मीठ पार घसरलं होतं, पण इंजेक्शननंतर बाळाने हात हलवला होता. मावशींनी फोन ठेवला आणि लगेच नवं पत्र लिहायला घेतलं. तीन कागद फाडले, चौथ्यावर ते उतरलं.

दोन महिन्यांनी वडील बाळाला घेऊन आले. रोजच्या गोळ्यांवर ते छान बाळसं धरत होतं. "तुमच्यामुळे वाचला हा," ते म्हणाले.

मी मावशींच्या पायावर पाय दिला, गप्प बसा म्हणून. पण त्यांनी फाइल काढलीच. "माझ्यामुळेच उशीरही झाला. हे वाचा."

वडिलांनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. मग विचारलं, "आता कार्डं कशी पाठवतात?"

"एक असलं तरी त्याच दिवशी."

त्यांनी फाइल मिटली. धन्यवाद पुन्हा म्हटले नाहीत. फक्त बाळ मावशींच्या हातात दिलं आणि म्हणाले, "रडतो आता. रात्ररात्र रडतो."

बाळाने खरंच भोकाड पसरलं. मावशी त्याची टाच अंगठ्याने चोळत राहिल्या. त्यांनी त्याला मुळीच गप्प केलं नाही.