सात नंबरने थोरल्यांना टोकू नये

कोरियातल्या डेजन शहराच्या यंत्रमानव प्रयोगशाळेत प्यो ग्युचल नावाचा गटप्रमुख होता. वरच्यांपुढे त्याची मान इतकी लवायची की साहेबांचे चेहरे विसरला तरी बूट तो अचूक ओळखे. हाताखालच्यांशी बोलताना तीच मान ताठ आणि आवाज नाकातून. साहेबांचा सोजू दारूचा पेला दोन्ही हातांनी भरायचा, स्वतःचा घोट थोरल्यांपुढच्या रीतीप्रमाणे तोंड फिरवून घ्यायचा. एवढ्या विद्येवर त्याला विभागप्रमुख व्हायचं होतं.

त्यासाठी सात यंत्रमानवांनी मिळून बांधलेली भिंत संचालक ब्योन यांना दाखवायची होती. यंत्रांचा नियम हाताखालच्या मा सेब्यक या मुलीने लिहिलेला: चुकलेली वीट ज्याला दिसेल त्याने सगळ्यांना थांबवावं, ती काढून पुन्हा लावावी. प्योला हा उद्धटपणा वाटला. काल आलेला सात नंबर एक नंबरला टोकणार? ह्यांना कुणी वळणच लावलेलं नाही, असं पुटपुटत त्याने यंत्रांना नंबरांप्रमाणे ज्येष्ठता बहाल केली. थोरल्याने लावलेली वीट धाकट्याने बरोबरच मानायची. यंत्रांना वय नसतं, असं सेब्यकने सांगून पाहिलं. त्यावर त्याने तिचं वय विचारलं.

संचालक आले, आणि एक नंबरची पहिलीच वीट तिरकी बसली. दोनने तिच्याच ओळीत आपली लावली, तीनने दोनच्या. सगळे असे एकमेकांचा मान राखत गेले आणि भिंत निवांत कलत गेली. चूक दिसल्याचा सातचा लाल दिवा तेवढा लागला होता. थांबवायचा अधिकार मात्र त्याला उरला नव्हता.

"भिंत वाकडी आहे का हो, प्यो?" ब्योन यांनी विचारलं.

प्योने घसा खाकरला. साहेबांना काय ऐकायचंय तेच त्याला कळेना. "आपल्याला वाकडी दिसत असेल तर वाकडीच, साहेब. सरळ दिसत असेल तर..."

"आणि चूक कोणाची?"

"सातची, साहेब. धाकटाय अजून. शिकेल."

सेब्यकने खाली बघत हसू गिळलं. ब्योन हसले नाहीत. त्यांनी तिचा नियम परत लावायला सांगितला आणि भिंतीचं काम तिच्याकडे सोपवलं. प्योला त्यांनी खरोखरच विभागप्रमुख केलं, स्वागत-समारंभ विभागाचा. तिथे काही बांधायचं नसतं. प्यो आनंदाने इतका वाकला की ब्योन कधी निघून गेले, त्याला कळलंच नाही.