सुटून आलेला माणूस

दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीत तो म्हातारा माझ्या शेजारी बसला होता. खाडीवर धुकं होतं. बोट चालतेय की किनारा सरकतोय, कळत नव्हतं. चोरीची शिक्षा भोगून कालच सुटलो, असं त्यानं सांगितलं.

"आता घरी जाणार?" मी विचारलं.

"घरी कोन हाय? मुरुडात एखादं दुकान फोडीन, परत आत जाईन."

तुरुंग आणखी कडक हवेत, असं मी नेहमी म्हणायचो.

"आत त्रास नव्हता?"

"व्हता की. मार व्हता, ढेकूण व्हते. पन जेवताना शेजारी मानूस व्हता."

बाहेर एकट्यानं जेवण्याहून कडक तुरुंग कुठून आणणार?

धक्का आला. सगळे उतरले, तो मात्र कुणाच्या तरी हुकमाची वाट बघत बसून राहिला. मी हळूच "चला" म्हणालो, तेव्हा उठला आणि निमूट माझ्यामागून चालू लागला.