मेव्हण्याकडचं यीस्ट

त्यांचं खरं आडनाव बुडबुडे नव्हतं. टाकीला कान लावून आत बिअर कशी फसफसतेय ते ऐकत बसायची त्यांना सवय, त्यावरून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की एकदा पाणीपट्टीची नोटीससुद्धा त्याच नावानं आली. त्यांनी मुकाट्यानं सही करून ती घेतली. नावावरून भांडायचं म्हणजे अंगात त्राण लागतं, आणि ते त्यांनी टाक्या घासण्यासाठी राखून ठेवलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी त्यांनी आणि मेव्हण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं, एकाच पातेल्यात पहिली बिअर केली. अर्धी ओतून द्यावी लागली. उरलेली दोघांनी हट्टानं प्यायली आणि दोन दिवस पोट धरून बसले. पुढे दोघांनी आपापली ब्रुअरी काढली. यांची जुन्या गोदामात, त्याची नदीपलीकडे. यीस्ट मात्र दोघांचं एकच. बिअर तयार झाली की टाकीच्या तळाशी यीस्टचा दाट साका बसतो, तोच काढून पुढच्या खेपेत घालायचा. थोडक्यात, दह्याचं विरजण. आणि विरजणाचा जो कायदा तोच यांचा: आपलं बिघडलं की शेजारून आणायचं. कधी यांचं बिघडे, कधी त्याचं. स्टीलचा कॅन पुलावरून इतक्यांदा इकडून तिकडे गेला, की झाकण कुणाचं आणि कॅन कुणाचा हे दोघांनाही सांगता आलं नसतं. यीस्टचा नमुना एखाद्या प्रयोगशाळेत जपून ठेवावा, हे शहाणपण कुणीच मनावर घेतलं नाही. घरातच दोन ठिकाणी आहे, तर परक्याच्या दारात कशाला जायचं?

मग मोठी कंपनी आली. तिनं बारवाल्यांना फुकट फ्रिज दिले, दिव्यांच्या पाट्या दिल्या, ग्लास दिले. अट एकच: काउंटरवरचे बिअरचे सगळे नळ आमचे. बारवाले काही वाईट नव्हते. "काका, तुमची बिअर मला आवडते हो," एक जण म्हणाला, "पण माझा फ्रिज मेलाय आणि हे नवा कोरा देतायत." त्याचं काय चुकलं, हे बुडबुड्यांना मनाशीसुद्धा सांगता येईना. त्यांची बिअर घेणारे अकरा बार होते, त्यांतले आठ असे हातचे गेले. बिअरला कडूपणा देणारी हॉप्सची फुलं पिकवणाऱ्यानं कळवलं, की पुढच्या तीन वर्षांचं पीक कंपनीनं आताच उचललंय. उरलंसुरलं हवं असेल तर बघतो. दोन वर्षांपूर्वी मेव्हण्यानंही हात टेकले आणि ब्रुअरी कंपनीला विकली. बाटलीवरचं लेबल तेच राहिलं, मेव्हणाही तिथेच राहिला, फक्त गळ्यात ओळखपत्र आलं. बुडबुडे त्याला एका शब्दानं बोलले नाहीत. बायको मात्र भावाला भरपूर बोलली आणि बोलून झाल्यावर रडली.

शेवटी यांचा एकुलता एक कामगारही तिकडेच लागला. त्याला रविवारची सुट्टी हवी होती, आणि ती मागण्यात काही गैर नव्हतं. आता दोघांचं काम एका अंगावर आलं, आणि ते अंग साठीला टेकलेलं. एका दुपारी नळ्या धुताना खालच्या वळणाचा तुकडा सोडवून घासायचा राहिला. राहिला कसला, त्यांनीच ठेवला. गुडघे वाकत नव्हते. उद्या बघू, म्हणाले.

नवव्या दिवशी टाकीला ओल्या फडक्याचा वास यायला लागला. दुसऱ्या टाकीलाही तोच. फ्रिजमधली राखीव बरणी उघडली. तीही त्याच टाकीतून भरलेली, तिची काय वेगळी कथा असणार?

"गेलं?" बायकोनं विचारलं.

"गेलं सगळं."

"मग आता?"

"आता काय! नदीपलीकडे आहे की."

"मी येऊ बरोबर?"

"नको. तू आलीस की भांडशील, आणि मला दोघांची समजूत काढत बसावं लागेल."

कंपनीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं कॅन हलवून पाहिला. "यात काय आहे?"

"काही नाही. रिकामा आहे."

"रिकामा आहे तर आत कशाला नेताय?"

समजावून सांगायला गेलं असतं तर संध्याकाळ झाली असती. त्यांनी कॅन त्याच्या टेबलाखाली ठेवला आणि नुसतेच आत गेले.

मेव्हणा पांढऱ्या कोटात, डोक्याला जाळीची टोपी घालून आला. "या भाऊजी, बसा. वाळलात हो." मशीनचा चहा त्यानं स्वतः आणून दिला. बुडबुड्यांनी वळणाची गोष्ट सांगितली, काही न लपवता. मग म्हणाले, "जरासं दे. डबाभर पुरे. कुठे लिहू नकोस, कुणाला सांगू नकोस. तुझी नोकरी जायला नको."

मेव्हणा कपाकडे बघत राहिला. "ते आता नाहीये, भाऊजी."

"कंपनीचं झालंय, ठाऊक आहे मला. म्हणून तर गुपचूप मागतोय."

"कंपनीचं झालं होतं. विक्रीच्या यादीत टाक्या, नळ, खुर्च्या आणि त्याखाली यीस्ट. पण आपल्याला चौदा दिवस लागायचे. यांचं यीस्ट सहा दिवसांत काम उरकतं. पहिल्याच महिन्यात सांगितलं, टाकी रिकामी करा."

"कुणी केली?"

"मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

"एखादी बरणी बाजूला काढायचीस रे."

"मनात आलं होतं," मेव्हणा म्हणाला. "मग म्हटलं, तुमच्याकडे आहेच की."

बुडबुड्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. गेली दोन वर्षं ते स्वतः काय करत होते? प्रयोगशाळेचा विचार आला की म्हणायचे, त्याच्याकडे आहेच की. त्यांनी गार झालेला चहा संपवला, कारण तो मेव्हण्यानं आणला होता. निघताना त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ताईला फोन कर कधीतरी. ती वाट बघते."

पाकिटातलं यीस्ट मागवलं, तीन दिवसांत आलं. वळण सोडवून घासलं. बिअर झाली, स्वच्छ, सोनेरी, नावं ठेवायला जागा नाही अशी.

प्रत्येक खेपेचा पहिला ग्लास बायकोचा असे. बावीस वर्षांत तिनं एकदाही बरं म्हटलं नव्हतं. कधी फेस पातळ, कधी कडूपणा जास्त, आणि काहीच सापडलं नाही तर मागच्या वेळची बरी होती. त्यावरून दोघांचं दिवसभर वाजायचं, आणि पुढच्या खेपेला ते जिवाचं रान करायचे.

आज तिनं घोट घेतला. तोंडात जरा घोळवला. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"छान झालीय," ती म्हणाली.

"खरंच?"

"खरंच. काही म्हणजे काही चूक नाही."

दुसरा घोट न घेता तिनं ग्लास त्यांच्यापुढे ठेवला आणि बाटल्या विसळायला गेली. बुडबुडे टाकीला पाठ टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.