शिरगावच्या हॉटेलात आयचं जेवण

बाची होडी शिरगावच्या किल्ल्यापलीकडच्या खडपावर (समुद्रातल्या खडकांवर) फुटली तेव्हा मी चौथीत होते. होडीबरोबर बाचा गुडघाही गेला. घरची मासळी बंद झाली. मग आय दुसऱ्यांच्या होड्यांवरून मासळी घेऊ लागली आणि पाटी (माशांची टोपली) डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवून किनाऱ्यावरच्या हॉटेलाच्या मागच्या दाराला जाऊ लागली.

त्या दाराला तीन पायऱ्या होत्या. आय खालच्या पायरीवर पाटी उतरवायची. आतून दामू आचारी यायचा, पापलेटचा कल्ला उघडून बघायचा, नाक मुरडायचा, की दोघांचं भांडण सुरू. त्या भांडणावर आमची चूल पेटत होती आणि माझी शाळा चालत होती. सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर असे. दारातून आतली जेवणाची खोली दिसायची. पांढरे टेबलक्लॉथ, खुर्च्यांवर बसलेली माणसं, आणि त्यांना वाढणारा एक जण.

"आय, ती माणसं आपल्या हातानं का नाय वाढून घेत?"

"ती पावणी हायत गो."

"आपण कधी पावणी होणार?"

"चुंबळ उचल आन् चल," आय म्हणाली.

पुढे बाला बोईसरच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली. आम्ही तिथे चाळीत आलो. आय बाजारात सुकी मासळी विकायला बसू लागली. मी पालघरच्या कॉलेजात बी.एस्सी. झाले. आमच्या आयकडच्या आणि बाकडच्या, दोन्ही घराण्यांत पदवी घेणारी मी पहिली. हे मी कुठेही सांगते. लाजायचं काय त्यात? कारखान्याच्या लॅबमध्ये कायम झाले त्याच आठवड्यात मी पालघरच्या पोस्टातून त्या हॉटेलला जोडकार्ड (उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं) टाकलं. उत्तर आलं: चार माणसं, एक मुक्काम, राहणं, नाश्ता, चहा, तीन वेळचं जेवण, सगळं एकत्र. खाली लाल शाईने लिहिलं होतं, 'जेवणाच्या वेळा पाळाव्यात.'

बा म्हणाला, "आपल्याच गावात जाऊन हाटेलात राहायचं? माणसं हसतील."

"हसू देत," मी म्हणाले. आयला एकदा तरी त्या खोलीत खुर्चीवर बसवून, दुसऱ्याने वाढलेलं गरम जेवण जेवू घालायचं, एवढंच माझ्या मनात होतं. त्यापायी कोणी हसलं तरी चालणार होतं.

जानेवारीतला शनिवार होता. सकाळच्या गाडीने आम्ही बोईसरहून पालघरला उतरलो. मधल्या माळावर कापलेल्या गवताच्या गंजी उभ्या होत्या. आयच्या मांडीवर एक गाठोडं होतं आणि त्याला सुक्या बोंबलांचा वास येत होता. "हॉटेलात जेवण आहे आय," माझी धाकटी बहीण सुमन तिला तिसऱ्यांदा सांगत होती.

पालघरहून शिरगाववरून जाणारी सातपाटीची एस.टी. धरली. गाडीत गावातली जनीमावशी भेटली.

"खयं चाललीस गो पारू?"

"हाटेलात," आय म्हणाली.

जनीमावशीने सीटखाली वाकून बघितलं. "पाटी कुठं हाय?"

"पाटी नाय. राहायला चाललोय."

"राहायला!" मावशीने अर्ध्या गाडीला ऐकू जाईल असं म्हटलं. "आगो, मग डोक्यावर काय नेशील?" सगळी गाडी हसली. बा खिडकीकडे तोंड करून बसला. आय मात्र हसली आणि म्हणाली, "ह्या पोरीला नेईन. लय जड झालीय शिकून."

हॉटेल म्हातारं झालं होतं. फाटकावरच्या पाटीची अक्षरं खाऱ्या वाऱ्याने खाल्ली होती. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्या दोरीने बांधल्या होत्या. लहानपणी जे मला राजवाड्यासारखं वाटे, त्याचे पोपडे हाताला लागत होते. पण समुद्र तोच, आणि सुरूच्या बनातला तो एकसारखा सूं आवाजही तोच. मी पाकीट काढून कार्ड शोधत होते, तेवढ्यात सुमन म्हणाली, "आय कुठाय?"

आय सवयीने मागच्या दाराकडे निघाली होती. पाय आपोआप वळले असावेत. मी धावत जाऊन तिचं कोपर धरलं. "आज पुढून जायचं."

खोलीत तीन खाटा होत्या आणि चौथी आणून देतो म्हणाले. नळाला आधी तांबडं पाणी आलं, मग खारट. सुमनने खिडकी उघडली तर गंजलेली बिजागरी तिच्या हातातच आली. ती घाबरून म्हणाली, "आता हे भरून द्यायला लागेल?" बाने ती बिजागरी घेतली, दगडाने दोन ठोके मारून परत बसवली. दिवसभरात बा पहिल्यांदा खूश दिसला.

एक वाजता पितळी घंटा झाली. जेवणाची खोली तीच होती. टेबलक्लॉथना ठिगळं होती, पण पांढरे होते. दुसऱ्या टेबलावर मुंबईचं एक कुटुंब बसलं होतं. मी आयसाठी खुर्ची ओढली.

"तुमी जेवा," ती म्हणाली. "मी मागशी बसते."

आमच्यात हे असंच असतं. घरातली बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते. मला वाटलं, आमचं होईल तोवर थांबेल. आम्ही जेवून व्हरांड्यात आलो आणि तिला म्हटलं, जा. ती उठली, दारातून डोकावली आणि परत येऊन बसली. मुंबईची माणसं अजून जेवत होती. आयच्या लेखी 'सगळे' म्हणजे खोलीतले सगळे. ती माणसं गप्पा मारत राहिली, जेवणाची वेळ संपल्याची दुसरी घंटा झाली, आणि उत्तरेकडचा तरुण वेटर टेबलं पुसू लागला. "माताजी, टाइम खतम हो गया," तो हात जोडून म्हणाला.

आयने सुरूखाली बसून गाठोडं सोडलं. भाकरी आणि बोंबील. "बरं झालं आणलं," ती म्हणाली.

रात्रीच्या जेवणालाही तेच. ह्या वेळी मी भांडले. "आय, तुझ्या जेवणाचेसुद्धा पैसे भरलेत."

"पैसे भरले म्हणून काय मी सगळ्यांच्या आधी हात धुवायचा?"

"सगळे तुझे कोण लागतात?"

"कोणी नाय. पण जेवतायत ना?" रसायनशास्त्रात असला प्रश्न येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला तिने चहा तेवढा घेतला, तोही उभ्याने. मग आम्ही किल्ल्यावर गेलो. तटावरून बाने काठीने खडप दाखवला. ओहोटी होती, काळे दगड उघडे पडले होते. "थयं फुटली," तो म्हणाला. आय म्हणाली, "लाकडं तरी आली हाताला. वर्षभर चुलीला पुरली." परतताना मी ठरवलं, गाडी धरायच्या आधी दुपारचं एकच जेवण उरलंय, आता हटायचं नाही.

घंटा झाली. मी खुर्चीवर बसले नाही. आयच्या शेजारी व्हरांड्यात जाऊन बसले. "आमी तुझ्या मागशी जेवणार," मी म्हणाले. सुमन आली. बाही आला आणि गुडघा लांब करून बसला.

"खुळी झालीव काय?" आय म्हणाली. "आन्न थंड होतंय."

"होऊ दे."

मुंबईची माणसं जेवली, उठली, बडीशेप खात खोलीकडे गेली. वेटर दारात येरझारा घालू लागला. दुसऱ्या घंटेची वेळ झाली. मी मागच्या दाराला गेले, त्या तीन पायऱ्या चढले आणि दामूकाकाला हाक मारली. त्याचे केस पांढरे झाले होते. मी कोणाची मुलगी हे कळल्यावर तो पळी हातात घेऊनच पुढे व्हरांड्यात आला.

"पारू! माझी खोली बंद पाडायला बसलीस काय?"

"पोरं आयकत नायत, दामू."

"पोरं गेली खड्ड्यात. मी सकाळपासून उपाशी हाय. रांधणारा शेवटी जेवतो, हे तुला म्हायत हाय का नाय?"

"म्हायत हाय."

"मग तू शेवटी कशी बसतेस? तू काय रांधलंस हितं? चूल माझी, हात माझे, शेवटचं ताट माझं. माझी जागा घेतेस व्हय?"

भांडणात आयला हरलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आयुष्यभर मला वाटत होतं की तिचं शेवटी जेवणं म्हणजे मान खाली घालणं. पण तो तिचा हक्क होता, रांधणाऱ्याचा, आणि दुसऱ्याच्या हक्काला ती हात लावणाऱ्यातली नव्हती.

तिने पदर सारखा केला, खोलीत गेली आणि खुर्चीवर बसली. वेटर पुढे झाला तर दामूकाकाने त्याला बाजूला सारलं आणि स्वतः वाढलं. भात, पापलेटचं कालवण, तळलेली तुकडी, सोलकढी. आयने पहिला घास खाल्ला. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"कालचा पापलेट," ती म्हणाली.

"आजचा हाय!"

"कल्ला बघितलास?"

"डोळं अधू झालं गो पारू," दामूकाका हळूच म्हणाला. "आता तू नाय, तर देतील तो घेतो."

आयने वाटी पुढे केली. "कालवण चांगलं झालंय. वाढ अजून."

संध्याकाळच्या गाडीने आम्ही बोईसरला परतलो. गाठोडं रिकामं होतं. उरलेले बोंबील आय दामूकाकाला देऊन आली होती.

आता रविवारी आमच्या घरी मी रांधते. आय बाच्या शेजारी पहिल्या पंगतीला बसते, मीठ कमी असलं तर सांगते, आणि गरम जेवते. शेवटचं ताट माझं असतं.